श्रावण वायरमनचं दहा सेकंदांचं कडं

तर काल कुठं होतो आपण? हां. श्रावण खासबागे वायरमन पोलाच्या बुडाशी मांडी घालून बसला होता, मोबाइलवर गेम खेळत होता, आणि आम्ही पाच शेतकरी त्याच्या डोक्यावर उभे राहून त्याला शिव्या घालत होतो. तेवढ्यात आमच्या सूनबाईनं, आरतीनं, जेवायला हाक मारली आणि गोष्ट तिथंच अडकली. बिचारा श्रावण कालपासून उन्हात बसलेला आहे. आज त्याला उठवू.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द. आमची वस्ती मोर्शी तालुक्यात, गावापासून अर्धा कोस आत, संत्र्याच्या बागांमध्ये. सात घरं. गावच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तारांची एक ओळ आमच्याकडे येते, आणि तिसऱ्या पोलावर एक तार जळून तुटली होती. एप्रिल महिना. आंबिया बहाराची फळं बोराएवढी झालेली, पाणी नाही मिळालं की टपटप गळतात. विहिरींवरच्या मोटारी आदल्या दिवसापासून बंद. आमचा जीव फळात, आणि हा माणूस मोबाइलमध्ये.

राग येण्यासारखीच गोष्ट होती ती, कारण काम अडलं नव्हतं. श्रावणनं सबस्टेशनला फोन लावून लाइन बंद करून घेतली होती. तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं, "बंद केली, घ्या परमिट." परमिट म्हणजे तारेला हात लावायची परवानगी. मग श्रावणनं डीपीवरच्या फ्यूजा काढून पँटीच्या खिशात टाकल्या, म्हणजे कोणी आगाऊ माणूस त्या परत बसवणार नाही. आता ती तार म्हणजे कपडे वाळवायची दोरी. आणि इतकं सगळं करून हा बसला!

"अबे श्रावण, लाइन मेली ना?" माझा शेजारी देवमन म्हणाला. "मंग चढ ना भाऊ!"

"चढतो जी. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं काहाचे? मुहूर्त पायतं का?" हा सहदेव. याची बाग माझ्या बागेला लागून आणि जीभ सगळ्या गावाला लागून.

"बोलू नका जी जरा."

"पहा राजेहो! सायबाले गेममधी डिस्टर्ब होऊन राह्यलं!"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही, चिडलाही नाही. श्रावणला चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, पोलासारखाच उभट, आणि चेहरा असा, की आत्ताच कुठून तरी लांबून चालत आलाय आणि आत्ताच कुठं तरी लांब चालत जायचंय. चार गावांना हा एकटा वायरमन. पूर्वी तीन होते. दोन रिटायर झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांची गावं मात्र याच्याकडे आली.

आता त्या गेमचं सांगतो, कारण गेम समजल्याशिवाय श्रावण समजत नाही. मी सातवी पास माणूस, ते पण मास्तरांच्या कृपेनं. पण हा गेम मला पक्का येतो. श्रावणची मुलगी करिश्मा अकोल्याला नर्सिंग शिकते, तिनं तो बापाच्या फोनमध्ये टाकून दिला. एक बुटका पागोटेवाला बांधावरून पळत असतो. समोरून रानडुकरं येतात, वरून विजा पडतात, खाली काटे. तुम्ही त्याला उड्या मारायला लावायच्या. मधून मधून ढाली सापडतात. लाकडी ढाल असते ती एक धडक सोसते आणि फुटते. पण खरी मजा निळ्या कड्याची. ते सापडलं की बुटक्याच्या भोवती निळा गोल फिरायला लागतो, आणि मग दहा सेकंद त्याला कोणी काही करू शकत नाही. डुक्कर आलं, आपटून मागं. वीज पडली, विझली. काटे म्हणजे गादी. शेवटचे दोन सेकंद राहिले की कडं लुकलुकायला लागतं. ती खूण. आता सावध व्हा.

मला कडं सापडलं की मी काय करतो? मी डुकरांच्या अंगावर जातो! सोडतोच कुठं? जन्मभर आमच्या बागेत डुकरांनी धुमाकूळ घातला, त्याचा वचपा मी तिथं काढतो. एकदा असाच पाठलाग करता करता कडं संपलं तेव्हा माझा पागोटेवाला तीन डुकरांच्या मधोमध. खलास. श्रावण शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "काका, सारे लोकं हेच करतात. ढाल भेटली का दूर दूर जातात. अन् ढाल संपते तवा घर लय मांगं राह्यलेलं असते."

तो स्वतः काय करतो, सांगू? कडं सापडलं की थांबतो. एका जागी. बुटका उभा, डुकरं येऊन आपटताहेत, वरून विजा, आणि हा नुसता उभा. मागं चित्रातले डोंगर आहेत, एक नदी आहे, ते बघतो. कडं लुकलुकलं की मग निमूट पळायला लागतो. त्या दिवशीही पोलाखाली हेच चाललं होतं. देवमन वाकून बघत होता, त्याचा जीव खालीवर.

"अबे पळ ना! ढाल भेटली ना तुले! वाया चालली!"

"वाया कावून जाईन जी," श्रावण म्हणाला. "दहा सेकंद कोनी चावत नाही. तेवढं तरी उभं राहू द्या."

त्या गेममध्ये अजून एक सवलत आहे. धडक बसली आणि जीव शिल्लक असला, तर बुटका दोन सेकंद लुकलुकतो, आणि त्या दोन सेकंदांत दुसरी धडक लागत नाही. मला वाटलं, लेकरांचा खेळ, म्हणून सोपा केला असेल. श्रावणला मात्र ती गोष्ट फार आवडायची. म्हणायचा, "गेम बनवनारा शायना मानूस हाये काका. एक मार खाल्ल्यावर मानसाले दम घ्या लागते, हे त्याले समजते. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं दुसरा मार पयल्याच्या मांगंच उभा राह्यते."

आणि खरं होतं त्याचं. ज्या वर्षी बापाला लकवा झाला त्याच वर्षी त्याची बदली झाली धारणीला. घर मोर्शीजवळ, भाजीपाल्याचा मळा, वांगी-मेथी लावणारी माणसं. आणि हा तिकडं मेळघाटात. आठ वर्षं. पावसाळ्यात झाड तारेवर पडायचं, जीप नाल्याच्या अलीकडं सोडून द्यायची, आणि पुढं हा तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दोन-तीन कोस पायी. बायकोनं, पार्बताबाईनं, सासऱ्याचं सगळं केलं आणि मळाही चालवला. हा महिन्यातून दोन दिवस घरी यायचा आणि त्या दोन दिवसांत झोपायचा. पार्बताबाई अजून सांगते, "माह्या लगनाले तीस वर्सं झाले, त्यातले दहा तं हा मानूस झोपेलच पाह्यला मी."

धारणीलाच त्याचा सोबती गेला. पुंजाराम. एकतीस वर्षांचा. परमिट घेतलेलं, फ्यूजा काढलेल्या, सगळं नियमानं. पुंजाराम चढला, आणि तेवढ्यात लाइन नाही म्हणून एका पिठाच्या गिरणीवाल्यानं जनरेटर सुरू केला. तो करंट घरातल्या वायरीतून उलटा तारेवर आला. वरून येणारी वीज बंद होती, खालून येणारीचा विचार कोणी केला नव्हता. श्रावण खाली उभा होता. पुंजारामच्या खिशातल्या फ्यूजा त्यानंच काढून साहेबाला दिल्या.

तेव्हापासून हा परमिट मिळालं की पाच मिनिटं बसतो. कशासाठी? ऐकायला. लाइन गेली की लोक पाच मिनिटांच्या आत जनरेटर काढतात, हा त्याचा हिशेब. डोळे मोबाइलवर असतात, गेमचा आवाज बंद ठेवलेला असतो, आणि कान चारी दिशांना. गेम खेळतो कारण नुसता बसलेला माणूस लोकांना बघवत नाही, त्याला चढच म्हणतात. मोबाइल बघणाऱ्याला निदान शिव्या देऊन सोडून देतात. हे मला त्याच दिवशी, पण नंतर कळलं. त्या घडीला मी शिव्या देणाऱ्यांत होतो आणि माझा आवाज, खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठा होता.

आणि आता माझी करणी ऐका.

त्या दिवशी सकाळीच आमचे व्याही आले होते. चंद्रभानजी, आरतीचे वडील, अकोल्याहून. व्याही घरात आणि कूलर बंद! आमच्याकडं पाहुण्याला भाजी कमी पडली तर चालते, पण व्याह्याला घाम आला तर ती गोष्ट अकोल्यापर्यंत जाते आणि तिथून तीन पिढ्या फिरते. मी पोलाकडं निघताना माझ्या पोराला, किशोरला, बजावलं, "जनरेटर लाव. पाहुन्याच्या कपाळावर थेंब दिसला नाही पायजे." आमच्याकडं एक लहान जनरेटर आहे. आणि माझ्या हातची एक वायर आहे, दोन्ही तोंडांना पिना असलेली. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये, की अख्खं घर चालू. फार अभिमान होता मला त्या वायरीचा. गावातले लोक मागून न्यायचे. फक्त ती लावायच्या आधी घराचा मेन स्वीच पाडायचा असतो, नाहीतर करंट बाहेरच्या तारेवर जातो. मी सांगायला विसरलो, किशोर पाडायला विसरला.

म्हणजे बघा. पोलाखाली बसून श्रावण जो आवाज शोधत होता, तो माझ्या घरामागं सुरू झाला होता. आणि तो त्याला ऐकू येऊ नये अशी सगळी व्यवस्था आम्ही पाच जण तोंडानं करत होतो.

दोन-अडीच मिनिटं झाली असतील. श्रावणचा फोन वाजला, बुटका गेला, साहेबांचं नाव आलं. आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"खासबागे, किती वेळ? तुमच्या एका तारेसाठी तीन गावांची लाइन बंद ठेवलीय. लोक मला फोन करतायत."

"चढूनच राह्यलो साहेब."

फोन ठेवला. तरी तो बसूनच. मान जराशी वाकडी. मग मी काय केलं, त्याच्या दंडाला धरलं आणि उठवलं. माझं वय बघून तो उठला. दुसऱ्या कोणी धरलं असतं तर कदाचित उठला नसता.

"चाल बाप्पा," मी म्हणालो, "फळं गळून राह्यले माहे. तुह्या पाया पडू का?"

"पाया नका पडू काका. चालतो."

पाच मिनिटांची त्याची बैठक अशी अर्ध्यात मोडली. पण एक गोष्ट राहिली होती. त्याच्याजवळ एक लांब काठी असते, टोकाला आकडा, आकड्याला तांब्याची साखळी. साखळीचं खालचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि आकडा सगळ्या तारांवर टाकायचा, म्हणजे चुकून करंट आला तरी तो माणसाला सोडून जमिनीत जातो. खात्यानं दिलेली वस्तू आहे. बरेच जण ती गाडीच्या डिक्कीतच ठेवतात, कारण सळई ठोकण्यात दहा मिनिटं जातात, आणि एप्रिलमध्ये आमची काळी जमीन म्हणजे वीट.

श्रावणनं सळई काढली तेव्हा सहदेवनं डोक्यावर हात मारला. "आता हे काय लचांड? लाइन मेलेली हाये ना बे! मेलेल्याले कितीक डाव मारतं?"

श्रावणनं त्याच्याकडं पाहिलं. मग वर तारेकडं पाहिलं. मग हातातल्या हातोडीकडं. मी सांगतो तुम्हाला, त्या क्षणी तो माणूस इतका थकलेला दिसला की ती काठी खाली टाकून सरळ चढून जाईल असंच मला वाटलं. आणि मला ते हवंच होतं! मी तर म्हणालो सुद्धा, "राहू दे ना गड्या आजच्या दिवस."

तो सळई ठोकायला बसला. ठक, ठक. चार बोटं आत गेली आणि अडली. त्यानं आपली प्यायच्या पाण्याची बाटली उघडली, उरलेलं सगळं पाणी त्या भोकात ओतलं आणि परत ठोकलं. मग कमरेला दोरी, खांद्यावर काठी, आणि चढला. निम्म्यावर एकदा थांबला. दम लागला होता. वर पोचून त्यानं दोरी पोलाला अडकवली, काठी लांब धरली आणि आकडा तारांवर टाकला.

फाट्!

निळा-पांढरा जाळ. आकड्यातून ठिणग्या खाली आमच्या पायांशी आल्या. देवमन मागं सरता सरता धुऱ्याच्या बांधावर आपटला. श्रावण वर, दोरीला लटकल्यासारखा, काठी दोन्ही हातांत, हलेना.

मग सगळे गप्प झाले. सकाळपासून पहिल्यांदा. आणि त्या शांततेत दोन शेतांपलीकडून, माझ्या घरामागून, जनरेटर खोकला. एकदा, दोनदा, आणि बंद पडला. सगळ्यांनी ऐकला. तो आवाज इतका वेळ होताच, आम्हीच त्याच्यावर बोलत होतो.

मी खाली बसलो. सहदेव माझ्याकडं बघत होता, त्याची जीभ जन्मात पहिल्यांदा अडकली होती. मीच म्हणालो, "माहं घर हाये. माहाच जनरेटर हाये." मग मात्र त्याची जीभ सुटली, आणि मला जे बोलला ते मी इथं सांगत नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

"सहदेवभाऊ," वरून श्रावण म्हणाला. आवाज बारीक. "भांडू नका. पयले सातही घरी जा. मेन पाडा. मंग मले सांगा."

माणसं पळाली. किशोर घरून पळत आला, "बाबा, जनरेटर आपोआप बंद पडला," म्हणत. त्याला मेन पाडायला परत पाठवला. सातही घरांचे मेन पडले, तोवर श्रावण वरच होता, तार त्याच्यापासून दीड हातावर. खाली का उतरला नाही? मी नंतर विचारलं. म्हणाला, उतरलो असतो तर परत चढायची ताकद राहिली नसती.

मग त्यानं काम केलं. वीस मिनिटं. जळालेलं टोक कापलं, नवी तार पिळली, पक्कडीनं आवळली. पीळ सरळ बसला. खाली आला, साखळी काढली, सळई उपटली, फ्यूजा बसवल्या, सबस्टेशनला फोन करून परमिट परत केलं. विहिरींवरच्या मोटारी एकापाठोपाठ गुरगुरायला लागल्या. देवमन, सहदेव आपापल्या बागेकडं पळाले. मी नाही गेलो. माझ्या बागेला पाणी लागलं की नाही, ते मी संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे.

मी श्रावणला घरी आणलं. ओसरीवर बसवलं, कूलर त्याच्याकडं फिरवला. चंद्रभानजींनी स्वतः उठून त्याला पाण्याचा गडवा दिला. व्याही असला तरी माणूस चांगला आहे. आरतीनं चहा ठेवला. श्रावण भिंतीला टेकून बसला. फोन खिशातच. डोळे उघडे होते, पण बघत कुठंच नव्हता. तेव्हा मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात जोडले. म्हणालो, "श्रावण, आज तू माह्यामुळं मेला असता. मीच तुले उठवलं, मीच साखळी टाकू नको म्हनलं, जनरेटर बी माहाच. काहीतरी बोल बाप्पा. शिव्या दे. असा गप नको बसू."

चहा आला, तो त्यानं बशीत ओतला, अर्धा प्यायला. आणि मग जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो, त्यात माझी एक काडी नाही:

"काका, शिव्या द्याले बी आंगात जीव लागते. तुमी असं करा, ते दोन पिनांची वायर मले आनून द्या, मी घेऊन जातो. अन् आजपासून मी पोलाखाली बसलो का तुमी माह्या डाव्या बाजूले येऊन बसत जा. बोलू नका, फक्त आयका. वर्स झालं, माह्या डाव्या कानानं काहीच आयकू येत नाही. सायबाले अजून सांगतलं नाही मी, अन् पार्बताले बी नाही."